'कोकणाला वारा आहे' हे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात नुकतीच एका प्रकल्पाची जनसुनावणी झाली. धुराचा विषय निघताच मंचावरून उत्तर आलं, 'कोकणाला वारा आहे, धूर समुद्रावर जातो.' माझी आई मागच्या रांगेत बसली होती, हातात दम्याचा पंप घेऊन. तिचा दमा अमक्याच्या धुराने झाला असं मी म्हणत नाही. पण रात्रीचा मतलई वारा जे समुद्रावर नेतो, ते दुपारचा खारा वारा परत आणतो, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

जपानमधलं योक्काइची शहरही किनाऱ्यावरचंच. तिथे तेलशुद्धीकरण, वीज आणि रसायनांचे कारखाने एकत्र उभे राहिले. शेजारच्या इसोझु या मच्छीमार वस्तीच्या मासळीला आधी तेलाचा वास येऊ लागला, टोकियोच्या बाजाराने ती नाकारली. मग माणसांना धाप लागू लागली. गंधकाचं प्रमाण जास्त असलेलं तेल जाळल्याने सल्फर डायऑक्साइड हा छातीला त्रास देणारा वायू सुटत होता. उपाय म्हणून चिमण्या उंच केल्या. धूर फक्त लांबवर पसरला. १९६७ मध्ये इसोझुचे ९ रुग्ण ६ कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले आणि २४ जुलै १९७२ रोजी जिंकले. कोणाचा धूर कोणाच्या छातीत गेला हे वेगळं काढता येत नसलं, तरी सहाही कंपन्या मिळून जबाबदार, असं कोर्टाने ठरवलं. आईकडे बघताना मला हे वाक्य फार मोठं वाटतं. त्याच वर्षी तिथल्या प्रांताने एकेका चिमणीऐवजी साऱ्या परिसराच्या एकूण धुरावर मर्यादा घातली.

आपल्याकडे औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मानकं डिसेंबर २०१५ मध्ये आली. मुदत दोन वर्षांची होती, ती वाढतच गेली. जुलै २०२५ मध्ये तर बहुतेक केंद्रांना या मानकांतून सूटच मिळाली. अट एवढीच, की चिमणी ठरलेल्या उंचीची असावी. जपानने पन्नास वर्षांपूर्वी जी वाट सोडली, तिच्यावर आपण आता पाऊल टाकतोय. सूट मिळाली ती दहा लाख वस्तीच्या किंवा प्रदूषित ठरलेल्या शहरांपासून दूर असलेल्या केंद्रांना. म्हणजे आमच्यासारख्या गावांच्या शेजाऱ्यांना. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीतही रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर नाही.

मी कारखान्यांच्या विरोधात नाही, माझा भाऊ कारखान्यातच कामाला आहे. मोठ्या प्रदूषक उद्योगांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवण्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आदेश २०१४ पासून आहे. ते आकडे रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. आणि पुढच्या जनसुनावणीत नव्या चिमणीची उंची सांगण्याआधी, आज उभ्या असलेल्या सगळ्या चिमण्या मिळून वर्षाला किती टन सल्फर डायऑक्साइड सोडतात, ते सांगावं.

आपला,
एक आंबा बागायतदार, जि. रत्नागिरी