फोटोवर सही करण्याआधी कागद बघा

संपादक महोदय,

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रामकुंडाचे, गोदाघाटाचे, शाही मिरवणुकांचे फोटो नाशकात प्रदर्शनांत लागतील, विकले जातील, भेट दिले जातील. छपाईवर मन लावून खर्च होतो, पण सही मात्र टेबलावर पडलेल्या सीडी मार्करने उरकली जाते. मार्करची शाई म्हणजे स्पिरिटसारख्या द्रावकात विरघळलेला रंग. चकचकीत इंकजेट कागदाच्या वरच्या थरात ती पसरते आणि पुढे काळ्या अक्षरांभोवती जांभळट-पिवळी कड दिसू लागते. सोनेरी पेनाचेही तेच, त्यात बहुतेकदा पितळेची पूड असते आणि ती काळवंडते.

लॅबमधून येणारे नेहमीचे रंगीत प्रिंट दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा थर दिलेल्या कागदावर असतात. वाया गेलेल्या प्रिंटचा कोपरा फाडला की कागदापासून सुटणारा पापुद्रा दिसतो. त्याच्या पाठीवर साधी पेन्सिल सहसा धरत नाही, म्हणून लोक बॉलपेन दाबून चालवतात. मग समोरून तिरप्या उजेडात अक्षरांचे उठाव दिसतात. शिवाय कागद शाई पीत नसल्याने प्रिंट एकावर एक ठेवले की खालच्या फोटोतल्या आकाशात तीच सही उलटी उमटते. तो डाग काढायला जावे तर आकाशही खरवडते. अशा पाठीसाठी काचेवर, प्लास्टिकवर चालणारी स्टॅबिलो ऑल पेन्सिल घ्यावी. ती पाण्याने पुसली जाते, तेव्हा ओला हात लागू देऊ नये. ०.३ किंवा ०.५ मिमीचे पिग्मेंट शाईचे (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे) पेन वापरायचे असेल तर आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लिहून तासाभराने अंगठा फिरवावा. शाई फरफटली तर ते पेन बाजूला ठेवावे.

मॅट कॉटन कागद किंवा डार्करूमचा जुना, प्लास्टिकचा थर नसलेला फायबर कागद असेल तर पेन्सिलीसारखे दुसरे काही नाही. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. उजेडाने ते उडत नाही आणि कागदालाही त्रास देत नाही. कॉटन कागदावर फोटोखालच्या कोऱ्या पट्टीत एचबी किंवा २बीने, टोक जरा बोथट करून सही करावी. एचबीपेक्षा कडक पेन्सिल कागदात चर पाडते, तर फार मऊ ६बीची भुकटी वर फोटोभर पसरते. फायबर कागदावर पाठीमागे, फोटोच्या कडेबाहेरच्या भागात २बीने हलक्या हाताने लिहावे. त्या वेळी प्रिंट काचेवर, खाली स्वच्छ बटर पेपर घालून पालथा ठेवावा. प्रिंटच्या गठ्ठ्यावर ठेवून कधीही लिहू नये.

फ्रेमवाल्याला माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी खालच्या बाजूने सेंटिमीटरभर मोठी कापायला आधीच सांगावे, नाहीतर सही झाकली जाते. नुसत्या माउंटवर सही करणे आम्हाला पटत नाही, कारण माउंट बदलला की सही गेली.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती, की सहीच्या टेबलावरून मार्कर उचलावा आणि तिथे टोक जरा बोथट केलेल्या दोन २बी पेन्सिली, एक काच आणि प्रिंटच्याच कागदाचे चार तुकडे ठेवावेत.

– काही छायाचित्रकार, नाशिक