फॅमिली हिस्ट्रीच्या रकान्यात नुसती रेघ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागात एका हॉलमध्ये शिबिर होतं. थुंकीचा नमुना द्या, हार्ट अटॅकचा धोका जीन्समधून, म्हणजे आईबापाकडून आलेल्या जनुकांमधून, आधीच ओळखा, साडेआठ हजाराची टेस्ट ऑफरमध्ये साडेपाचला. रांग रस्त्यापर्यंत आलेली, त्यात विड्या वळणाऱ्या बायका पण होत्या भिशीचे पैसे घेऊन. ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या घरचं सांगतो. अप्पा अक्कलकोट रोडला लूमवर होते, ४४ व्या वर्षी रात्रपाळीत छातीला हात लावून खाली बसले ते उठलेच नाहीत. सगळे म्हणाले जागरण, टेन्शन, दुसरं काय. मग दादा. दादा माळकरी, दर आषाढीला चालत पंढरपूरला जाणारा, तंबाखू नाही, मटण नाही, अंगानं काटकुळा. त्याला ३६ व्या वर्षी अटॅक आला, स्टेंट टाकला, दोन वर्षांनी दुसरा आला आणि गेला. एवढ्या निर्व्यसनी माणसाला असं कसं झालं याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं.

त्याची फाईल अजून वहिनीच्या कपाटात साड्यांखाली आहे, मी यंदा काढून बघितली. डिस्चार्ज कार्डवर फॅमिली हिस्ट्रीच्या रकान्यात नुसती रेघ मारलीय. अप्पांचं कुणी विचारलं नाही आणि आम्ही पण सांगितलं नाही, ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. भावाला तपासा, पोरांना तपासा, असं तर कुणी एका शब्दानं बोललं नाही.

मला कळलं ते कामावरच्या मेडिकल चेकअपमध्ये. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल २४१ आलं. डॉक्टरांनी चप्पल काढायला लावली, टाचेमागची जाड शीर चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, वडिलांची अशीच होती का ओ? मी गप्पच झालो. लहानपणी अप्पांच्या पायाला तेल चोळायला मीच बसायचो, टाचेमागं गाठी हाताला लागायच्या, आम्हाला वाटायचं लूमवर उभं राहून झाल्या असतील. ते कोलेस्टेरॉल साठलेलं होतं.

या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. लिव्हरवर एलडीएल रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर असतात, ते शोधल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. जीनमधल्या बिघाडानं हे रिसेप्टर कमी पडतात नाहीतर नीट काम करत नाहीत, मग जन्मापासूनच रक्तात एलडीएल साचत राहतं, माणूस बारीक असो नाहीतर माळकरी. जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं, आणि आईबापातल्या एकाला असेल तर प्रत्येक पोराला यायची शक्यता निम्मी.

जीन टेस्टच्या मी विरोधात नाही, उलट मी स्वतः केलीय. पण आधी लिपिड प्रोफाईल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, जी काही शे रुपयात कुठल्याही लॅबमध्ये होते, मग डॉक्टरांनी नेमके संशयाचे जीन तपासायला रक्त पाठवलं, त्यात माझा बिघाड सापडला, मग पोरांचा फक्त तेवढाच बिघाड बघायचा, ते सोपं पडतं. माझी मुलगी सुटली. दादाचा मुलगा १४ वर्षांचा, त्याला आहे. आज तो रोज रात्री गोळी घेतो, वहिनी समोर उभी राहून देते. माझं एलडीएल गोळ्यांनी तीन महिन्यांत ११२ वर आलंय. दादाला हे कुणी वेळेत सांगितलं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

शिबिरातली टेस्ट वेगळी. त्यात बऱ्याचशा छोट्या छोट्या फरकांची बेरीज करून स्कोअर काढतात, आणि तो मुख्यतः युरोपातल्या लोकांच्या डेटावर बसवलेला असतो, आपल्याला तेवढा लागू पडत नाही. आणि आमच्या घरात आहे तसा एकच मोठा बिघाड त्यात दिसेलच असं नाही. आमच्या गल्लीतल्या एकानं रिपोर्टचा काटा हिरव्यात आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. त्याला मी घरी जाऊन हात जोडून सांगितलं, गोळी रक्तातल्या एलडीएलसाठी आहे, ते जास्त असेल तर जीन सापडो न सापडो गोळी लागतेच.

अजून एक, जे बोलायला जड जातं. आपल्या सोलापूर भागात मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं. माझ्या पुतणीचं माझ्या बहिणीच्या मुलाशी जमवायचं घरात चाललं होतं. आजार अप्पांकडून आलेला, म्हणजे दोन्ही घरात असू शकतो, आणि नवराबायको दोघांना असला तर चारात एका बाळाला दोन्हीकडून यायची शक्यता, अशा मुलांना शाळेच्या वयात अटॅक येऊ शकतो. मी बहिणीला म्हणालो आधी तुम्ही मायलेक तपासा. ती म्हणाली, लग्न मोडायला निघालास का रे, आणि दोन महिने बोलली नाही. मागच्या आठवड्यात मुलाला घेऊन स्वतःच लॅबमध्ये गेली. रिपोर्ट अजून यायचाय.

संपादकसाहेब, माझी मागणी एवढीच. सोलापुरात सरकारी असो खाजगी असो, पुरुषाला ५५ च्या आत आणि बाईला ६५ च्या आत अटॅक आला तर डिस्चार्ज कार्डवर एक ओळ मराठीत लिहा की सख्ख्या भावाबहिणींचं आणि मुलांचं कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मोठ्या माणसाचं एलडीएल १९० च्या वर किंवा लहान मुलाचं १६० च्या वर असेल तर जीन टेस्टचं डॉक्टरांशी बोला. नेदरलँड्सनं १९९४ पासून असंच एका पेशंटवरून अख्खं घर शोधत जायचं काम सरकारी पातळीवर केलं. आपल्याकडं महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर आणि आशाताई घरोघरी जातातच, त्यांच्या वहीत अजून एक प्रश्न वाढवा, घरात कमी वयात कुणी छातीत दुखून गेलंय का. आणि शिबिरवाल्यांना हॉल देणाऱ्यांनी आधी विचारावं की सोबत लिपिड प्रोफाईल आहे का, रिपोर्ट समजावून सांगायला डॉक्टर आहे का. नसेल तर हॉल देऊ नये.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर