अंगणातल्या दोन गाड्या

शहापूर, बेळगाव
रविवार सकाळ

चि. सौ. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह घेऊ की व्होल्वो एक्ससी-नाइन्टी?" मी पटकन बोललो नाही, तेव्हा तुला वाटलं की बाबांना पैशाची काळजी लागली. तसं नाही गं. दोन्ही गाड्या कोटीच्या आसपास जातात हे मला माहीत आहे. तुम्ही दोघं कमावता, आणि हप्त्याचा हिशोब तू माझ्यापेक्षा चांगला मांडतेस. मी गप्प झालो ते तुझ्या पुढच्या वाक्यानं. "पुढंमागं मुलंबाळं होतील ना, म्हणून मोठी बघतोय," असं म्हणालीस. त्याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगून टाकतो. मूल कधी, किती, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. मी आणि तुझी आई तो प्रश्न कधी विचारणार नाही, आणि निपाणीच्या व्याह्यांनाही मी तसं सांगून ठेवलंय. गाडीचं मात्र तू आपणहून विचारलंस, म्हणून मनात आहे ते सगळं लिहितो.

काल संध्याकाळी चॉक, गुण्या आणि पाच मीटरचा टेप घेऊन अंगणात उतरलो. बत्तीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात कास्टिंगवर मार्किंग केलं. ड्रॉइंग कितीही वाचा, जॉबवर रेघ मारल्याशिवाय माप डोक्यात शिरत नाही. अमेयरावांनी पाठवलेल्या माहितीपत्रकांतली मापं घेतली आणि तुळशीपासून फाटकापर्यंत दोन्ही गाड्या फरशीवर उतरवल्या, एकीवर एक. बीएमडब्ल्यू लांबीला ४९३५ मिलिमीटर, व्होल्वो ४९५३. म्हणजे फरक बोटभराचा. रुंदीत मात्र बीएमडब्ल्यू २००४ आणि व्होल्वो १९२३. आठ सेंटीमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत. आरसे धरले की बीएमडब्ल्यू २२१८ होते आणि व्होल्वो २१४०. आपलं फाटक आतून साडेसात फूट, २२८६. बीएमडब्ल्यू फाटकातून घेताना एका बाजूला दोन बोटं उरतात, व्होल्वोला चार. आरसे मिटून तीही येईल, नाही असं नाही. पण आपल्या गल्लीत समोरून रिक्षा, मागं दुधाची गाडी, आणि मागच्या सीटवर रडणारं लेकरू, अशा वेळी चार बोटं आणि दोन बोटं यांत फार अंतर असतं.

तुझी आई स्वयंपाकघरातून हे बघत होती. ती आली, एक खुर्ची आणून मागच्या सीटच्या जागी ठेवली आणि त्यावर बसली. म्हणाली, "सगळं खरं, पण उतरताना माझा गुडघा कुठनं काढू?" मग मी चॉकनं मागचं दारही पूर्ण उघडलेलं काढलं. ते गेलं थेट शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण इतके दिवस चुकीच्या ठिकाणी बघतोय. तुम्ही दोघं शोरूममध्ये पुढच्या दोन सीटवर बसून आलात. पुढची आठ-दहा वर्षं या गाडीतलं सगळं जगणं होणार आहे मधल्या रांगेत.

त्याआधी इंजिनाचं बोलून घेतो, नाहीतर माझ्याच्यानं पुढं जाववणार नाही. बीएमडब्ल्यूच्या डिझेलमध्ये एका ओळीत सहा सिलिंडर आहेत, तीन लिटरचं, २८६ अश्वशक्ती आणि ६५० न्यूटन-मीटरची ओढ. सहा सिलिंडर एका रांगेत असले की वर-खाली होणारे पिस्टन एकमेकांचा धक्का खाऊन टाकतात, हादरे बाहेर पडतच नाहीत. ज्यानं आयुष्यभर क्रँकशाफ्ट हातात धरले त्याला विचार, यापेक्षा सुंदर मांडणी नाही. व्होल्वोत दोन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल, साधारण २५० अश्वशक्ती, सोबत इंजिनाला हातभार लावणारी छोटी विजेची मोटर, माइल्ड हायब्रिड म्हणतात ते. व्होल्वोनं तर २०२४ मध्ये डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. चालवायचा आनंद विचारशील तर माझं मत बीएमडब्ल्यूला, दोनदा विचारलंस तरी.

पण बंगळुरूत तुझं रोजचं जाणं आहे व्हाइटफील्ड ते मराठहळ्ळी. तेवढ्या अंतराला सव्वा तास लागतो असं तूच सांगतेस. नव्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी धरून ठेवणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. गाडी हायवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं पळाली की ती तापते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. रांगत रांगत चालणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, गाळणी तुंबते, मग दिवा लागतो आणि वर्कशॉपची वारी सुरू होते. महिन्यातून एकदा बेळगाव-निपाणी करणाऱ्याला डिझेल सोन्यासारखं. तुमचं येणं होतं गणपतीला, दिवाळीला, आणि यात्रेला जमलं तर. बाळ झाल्यावर पहिलं वर्ष तेही कमी होईल. म्हणून डिझेलचा मोह मी बाजूला ठेवला, मन घट्ट करून.

आता मूळ गोष्ट.

तुझ्या डाव्या भुवईवरची खूण कशाची हे तुला माहीत आहे, पण नीट कुणी सांगितलेलं नाही. तू चौदा महिन्यांची होतीस. सेकंडहँड घेतलेली गाडी, पावसाळा नुकताच संपलेला, आपण जांबोटीहून परत येत होतो. तू पुढं आईच्या मांडीवर. माझा वेग चाळीसच्या आसपास असेल. झाडीतून म्हैस रस्त्यावर आली, मी ब्रेक मारला. गाडी कशालाही धडकली नाही, म्हशीला खरचटलंसुद्धा नाही. पण तू आईच्या हातातून निसटलीस आणि डॅशबोर्डच्या कडेवर आपटलीस. तीन टाके पडले. तुझी आई कितीतरी दिवस म्हणत राहिली की माझीच पकड सुटली. तिची काही चूक नव्हती. नुसत्या ब्रेकला ही गत झाली. गाडी खरोखर आपटली असती तर? चाळीसच्या वेगानं जाणारी गाडी दशांश सेकंदात थांबली तर दहा किलोचं मूल शंभर किलोच्या वर ओढीनं पुढं जातं. मी हे नंतर कागदावर करून बघितलं. शंभर किलो कुठली आई हातात धरणार?

म्हणून माझी पहिली अट गाडीच्या नावाबद्दल नाहीच. बाळ दवाखान्यातून घरी येईल तेच मुळी मागं तोंड करून बसवलेल्या चाइल्ड सीटमध्ये आलं पाहिजे. तान्ह्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं असतं आणि मान कच्ची. पुढून धक्का बसला की मागं तोंड केलेल्या सीटमध्ये तो पाठीवर आणि डोक्यावर सारखा वाटला जातो, मानेला हिसका बसत नाही. चाइल्ड सीटसाठीच्या युरोपच्या आय-साइझ नियमात किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागं तोंड हवं असं आहे. माझं म्हणणं, सीटवर लिहिलेल्या उंची-वजनात बसतंय तोवर तसंच बसव, लोक हसले तरी. आणि ती सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुटली तर तिचा तडाखा थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागं बसतो.

आपल्याकडं कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. आपल्या भागात तो कुणी भरलेला मी पाहिला नाही. लग्नाच्या गाडीत पुढच्या सीटवर तीन पोरं उभी दिसतात. मोठी गाडी घेतली की सगळं आपोआप सुखरूप, असंही समजू नकोस. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी किती भारी होती. मागं बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि तेच दोघं गेले.

पट्ट्यावरून आठवलं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोनंच १९५९ मध्ये गाडीत आणला, नील्स बोलिन नावाच्या त्यांच्या इंजिनिअरचं काम. आणि त्याचं पेटंट त्यांनी सगळ्यांना खुलं ठेवलं. मुलांसाठीची बूस्टर उशीही त्यांनीच १९७८ मध्ये काढली. हे वाचून मला कंपनीबद्दल आपुलकी वाटली हे कबूल करतो. तरी दोन्ही गाड्या युरोपातल्या क्रॅश टेस्टमध्ये पाच तारेवाल्या आहेत, तेव्हा नुसत्या आपुलकीवर निर्णय घेऊ नकोस.

निर्णय घे मधल्या रांगेवर. मागं तोंड केलेली सीट लांबीला भरपूर जागा खाते. ती बसवली की पुढच्या माणसाला गुडघे आखडून बसावं लागतं. व्होल्वोत मधल्या रांगेत तीन स्वतंत्र सीट आहेत आणि प्रत्येक आपापली मागं-पुढं सरकते. म्हणजे बाळाची सीट मागं आणि शेजारची आजीसाठी वेगळी लावता येते. बाळाच्या शेजारी कुणीतरी बसणारच, पहिले सहा महिने तरी. तू बसशील, नाहीतर तुझी आई, नाहीतर निपाणीच्या विहीणबाई.

व्होल्वोच्या तिसऱ्या रांगेबद्दल लोक काहीही सांगतात. ती कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे १७० सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या माणसासाठी आहे. मी त्यात बसणार नाही, आणि तुझ्या आईला तिथं चढवायचा विचारही करू नकोस. ती उभी केली की डिकीत दोन बॅगांपलीकडं काही मावत नाही, बासमतीचं पोतं तर विसरच. तरी ती असावी असं मला वाटतं. बारशाला, कपिलेश्वराला, खानापूरच्या मामाच्या शेतावर जाताना दोन भाचरं मागं पट्टा लावून बसतील. नाहीतर एका सीटवर दोघंजण कोंबले जातात, आणि मग माझं वर लिहिलेलं सगळं वाया. मामाच्या शेताची वाट तुला ठाऊक आहे, चाकोऱ्यांच्या मधे उंचवटा. तिथं व्होल्वोचं पोट जमिनीपासून २३८ मिलिमीटरवर आणि बीएमडब्ल्यूचं २१४ वर, हाही थोडा फायदा.

बीएमडब्ल्यूची एक गोष्ट मला फार आवडली तीही लिहितो. तिचं मागचं झाकण दोन तुकड्यांत उघडतं, खालची फळी बाकासारखी राहते. तवंदी घाट चढून गेल्यावर गाडी बाजूला लावून त्या फळीवर बाळाचे कपडे बदलता येतील. तुमचं एकच मूल असेल आणि आम्ही म्हातारे आपले रेल्वेनं येणार-जाणार असू, तर तीच घ्या, पेट्रोलमधली. मी एका शब्दानं बोलणार नाही.

कोल्हापूरच्या काकाचं म्हणणं तुझ्या कानावर आलं असेलच: गाडी तिथं घ्या, एमएच-०९ पासिंग करा, टॅक्स वाचेल. आकडे त्याचे बरोबर आहेत. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला १८ टक्के आणि वर उपकर, महाराष्ट्रात पेट्रोलला १३. कोटीच्या गाडीत पाच लाखांच्या वर फरक पडतो. बेळगावात निम्मी गल्ली त्या नंबरवर फिरते, आणि आपल्या माणसांना त्या दोन अक्षरांबद्दल काय वाटतं हे मला तू सांगायला नको, मलाही वाटतं. पण तुम्ही राहता बंगळुरूत. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, कायद्याचं ४७ वं कलम आहे. आणि जिथं आपण राहत नाही तो पत्ता कागदावर आपला म्हणून लिहायचा, हे मला पटत नाही. जिथल्या रस्त्यावर रोज चालवायची तिथलाच कर भरा. जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात, उपकर धरून ५० होता तो, ४० टक्के झाला, तेवढी सूट मिळालीच आहे. शोरूमवाला एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच वसूल होणारा आयकर, घेईल, तो रिटर्न भरताना वळता करून घ्यायला विसरू नकोस.

आता एक काम कर. तुझ्या ऑफिसातल्या कुणाकडं तरी लहान मूल असेल. त्यांची चाइल्ड सीट एका दिवसासाठी माग. दोन्ही टेस्ट ड्राइव्हला ती सोबत ने आणि सेल्समनला लावू न देता स्वतः लाव. सीटच्या फटीत चाइल्ड सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या दोन कड्या हाताला सहज लागतात का, वरचा तिसरा पट्टा कुठं अडकतो, हे बघ. मग पुढची सीट अमेयरावांच्या मापानं मागं घे आणि त्यांना बसव. दहा किलोचं तांदळाचं पोतं दोन्ही हातांत धरून, दार अर्धंच उघडून, ते आत ठेवून बघ. मान वाकवून, कंबर वळवून. ज्या गाडीत ते पोतं नीट ठेवता आलं ती तुमची गाडी. माझा अंदाज व्होल्वो, पण तुझ्या कमरेला जे कळेल ते माझ्या चॉकला कळणार नाही.

बुकिंगच्या आधी एकदा फोन कर. चाइल्ड सीट मी घेणार, त्यावर वाद नको. गाडी कुठलीही आली तरी ती सीट आपल्याकडून, हे आईनं आणि मी कालच ठरवलं. कुंदा पाठवतोय शनिवारी येणाऱ्या शेजारच्या मुलाबरोबर, दोघांनी मिळून खा, एकटी संपवू नकोस.

अमेयरावांना आशीर्वाद.

तुझा,
बाबा