सार्डिनचा काटा एका ओढीत निघतो

ती. आई-बाबा,
सा. न.

जहाज आत्ताच पोर्तुगालच्या लेइशॉइंश बंदरातून बाहेर पडलंय. केबिनमध्ये बसून लिहितेय. हात तीनदा धुतले तरी बोटांना कोळशावरच्या माशाचा वास आहेच. उद्या लिस्बनला उतरले की हे पत्र पोस्टात टाकीन. फोनवर सांगायला गेले तर बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतील, आई विचारेल "तू जेवलीस ना नीट?" आणि मला जे सांगायचंय ते राहूनच जाईल. म्हणून कागद घेतला.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही याच मार्गानं येणार आहात. या बंदरात तुमचं जहाज सकाळी लागेल आणि संध्याकाळी सुटेल. जहाजावर तुम्हाला बसची सहल विकायला येतील: पोर्तो शहर, नदीकाठ, वाईनचे गोदाम, मधे हॉटेलात जेवण. ती घेऊ नका. पोर्तो सुंदर आहे, पण सगळं शहर चढउतारांचं. नदीकाठी उतरायचं म्हणजे पायऱ्या आणि गुळगुळीत दगडी रस्ते. बाबांचा गुडघा संध्याकाळपर्यंत सुजेल, आणि जेवायला मिळेल ते पन्नास जणांना एकाच वेळी वाढलेलं. बंदर खरं तर पोर्तोत नाहीच, शेजारच्या मातोझिन्योश गावात आहे, आणि हे गाव मासेमारीवर वाढलेलं. रस्ते सपाट. तुम्ही इथंच उतरा, इथंच जेवा.

आज मी तो सगळा रस्ता तुमच्या पावलांनी चालून बघितला. खरंच सांगते, मुद्दाम हळू चालले आणि तीनदा बसले.

टर्मिनलची इमारत पांढरी, गुंडाळलेल्या फितीसारखी वळत गेलेली. 2015 मध्ये उघडली. भिंतींवर षट्कोनी पांढऱ्या फरशा आहेत, सुमारे दहा लाख, आणि त्यांचे कोन जरा वेगवेगळे, त्यामुळे ऊन पडलं की माशाच्या खवल्यांसारख्या चमकतात. बाबा, तुम्ही तिथं फोटो काढत थांबणार हे मला माहीत आहे. दहा मिनिटं धरूनच ठेवली आहेत.

धक्क्यावरून बाहेर पडलात की डाव्या बाजूला नाही, उजव्या बाजूला नाही, आधी समोरच्या वाळूकडे बघा. तिथं ब्राँझच्या बायका उभ्या आहेत. समुद्राकडे तोंड, हात वर केलेले, एकीला उभंही राहवत नाहीये. 1947 साली 1 आणि 2 डिसेंबरच्या मधल्या रात्री वादळात इथल्या चार बोटी बुडाल्या, 152 माणसं गेली. आउगुस्तो गोमेश या इथल्याच चित्रकारानं काढलेल्या चित्रावरून हा पुतळा केला, 2005 मध्ये इथं बसवला. मी पोचले तेव्हा त्यातल्या एका बाईच्या पायाशी कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं. आई, तू तिथं थांबशीलच, घाई करू नकोस. ज्या रस्त्यावर जेवायचं आहे तो याच माणसांचा आहे.

त्या रस्त्याचं नाव रुआ हेरोइश द फ्रांसा. एका बाजूला बंदराचं कुंपण, दुसऱ्या बाजूला ओळीनं खाणावळी. शेगड्या आत नाहीत, फुटपाथवर आहेत. अर्ध्या पिंपाएवढ्या लोखंडी शेगड्या, त्यावर जाळ्या, आणि प्रत्येकीमागे घामेजलेला एकेक माणूस हातात लांब चिमटा घेऊन. दुपारी साडेबारा वाजले की सगळ्या गल्लीत निळा धूर भरतो. दारात उभं राहून हाका मारणारेही आहेत, हातात फोटोंचं मोठं मेनूकार्ड घेऊन. त्यांना हसून नमस्कार करा आणि पुढे चला.

मी आधी गावच्या मासळी बाजारात गेले होते, कमानीसारख्या उंच छताच्या जुन्या इमारतीत. तुम्हाला तेवढं चालायची गरज नाही, मी तुमच्यासाठी जाऊन आले. एका मावशींच्या ओट्यावर सार्डिन रचलेल्या होत्या, म्हणजे आपल्या तारलीची बहीणच, पण जरा भरलेली, पाठ निळी-हिरवी, पोट रुपेरी. आई, तू शिकवलंस तसं मी कल्ल्याकडे बोट केलं. त्यांनी लगेच अंगठ्यानं कल्ला उघडून दाखवला. आतून लालभडक. मग मी खाण्याची खूण करून "कुठे?" असं हातानं विचारलं, तर त्यांनी हातानं धूर वर जाताना दाखवला आणि रस्त्याकडे बोट केलं. भाषा आली नाही म्हणून काहीही अडलं नाही.

खाणावळीचं नाव लिहीत नाही. वर्षभरात आचारी बदलतो, मालक बदलतो, आणि तुम्ही नावच शोधत बसाल. त्यापेक्षा हे बघा: दारातला बर्फ, त्यावरचा मासा, त्याचा डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का. त्या दिवशीची यादी हातानं लिहिलेली आहे का. आणि आत कोण बसलंय. मी जिथं शिरले तिथं एका टेबलावर निळ्या डांगरीतले गोदीकामगार होते, एका टेबलावर आजी, मुलगी, नातू. जहाजातलं कुणीच नव्हतं.

बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी येईल. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. न मागितलेल्या आणि न वापरलेल्या पदार्थाचे पैसे लावायचे नाहीत असा तिथला कायदाच आहे, त्यामुळे बाबांनी संकोच करायचं कारण नाही. पण पावात ब्रोआ असेल तर ठेवून घ्या. तो मक्याचा पाव, जाड सालीचा, आतून ओलसर. त्याचं काम पुढे आहे.

मोठा मासा किलोवर विकतात. यादीत किमतीपुढे किलो लिहिलेलं असेल, तेव्हा आधी मासा टेबलाशी आणून दाखवायला सांगा, वजन विचारा, मगच हो म्हणा. सार्डिनला हे लागत नाही, ती ताटावर मिळते. आणि आई, "एवढं सगळं कोण संपवणार" हे तू म्हणणार, म्हणून शब्द पाठ कर: "मेया दोझ". अर्धी प्लेट. अर्धीसुद्धा तुम्हा दोघांना पुष्कळ होते.

आता बाबांशी बोलायचंय.

बाबा, गेल्या वर्षीपासून तुम्ही काट्याचा मासा खात नाही. "आता तेवढी आवड राहिली नाही" म्हणता. लहानपणी माझ्या ताटातला प्रत्येक घास तुम्ही बोटांनी चाचपून द्यायचात, एक काटा कधी घशात गेला नाही. आवड गेलेली नाही, बाबा. हात थरथरतो म्हणून तुम्ही ताट बाजूला सारता, मी पाहिलंय. दिवाळीतही पाहिलं. तेव्हा काही बोलले नाही, आज लिहितेय.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटे जेवत होते, तुमच्याहून मोठे असतील. त्यांचाही हात थरथरत होता. त्यांनी काटा-चमचा उचललाच नाही. ब्रोआची जाड फोड हातात घेतली, वर अख्खी सार्डिन ठेवली. अंगठ्यानं पाठीवरून कातडं मागे सारलं, वरची बाजू बोटानं सोडवून खाल्ली. मग डोकं चिमटीत धरून वर उचललं, तर डोक्यासकट, पोटातल्या घाणीसकट सगळा कणा एका ओढीत निघून आला, आणि खालची बाजू पावावर स्वच्छ उरली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दुसरी सार्डिन हळूहळू, मला दिसावी अशी, सोडवून दाखवली. मी तसंच केलं. पहिल्यांदा कणा मधेच तुटला. तिसऱ्या सार्डिनपासून जमलं. बारीक काटे थोडे राहतात, पण ते भाजून मऊ पडलेले असतात. पाचसहा सार्डिन होईपर्यंत सगळं तेल पावात मुरतं आणि तो पाव शेवटी खायचा असतो. खारट, धुरकट, तेलानं जड झालेला. या सगळ्या जेवणातला तोच घास मला सर्वांत आवडला.

तिथं सगळेच हातानं खातात. सगळ्यांची बोटं तेलकट. तुमच्या हाताकडे कुणी बघणार नाही.

मसाला म्हणून फक्त जाडं मीठ. बाजूला उकडलेले बटाटे, कांद्याचं सॅलड, भाजलेल्या ढोबळी मिरच्या, वरून ऑलिव्हचं तेल. आई, तुला आधी वाटेल की काहीच केलेलं नाही माशाला. खाऊन बघ आणि मग सांग. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यासुद्धा घे, त्या लसूण आणि पुष्कळ कोथिंबीर घालून वाफवतात, वर लिंबू. कोथिंबिरीचा वास आला आणि मला एकदम तू आठवलीस. रस्सा वाटीभर उरला होता, तो मी पावानं पुसून घेतला. आणि सार्डिनचा धीर झालाच नाही तर दोराडा मागा, पांढऱ्या मांसाचा मासा, आणि म्हणा "सें एश्पिन्यश", काट्यांशिवाय. वेटर टेबलाशीच काटे काढून देतो. पण बाबा, आधी सार्डिन.

तुम्ही विचाराल, तारली तर सगळीकडे मिळते, इथलीच का? उन्हाळाभर इथं उत्तरेचा जोरदार वारा असतो. तो किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. त्यात खनिजं भरपूर, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर सार्डिन पोसली जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती चरबीनं भरलेली असते, म्हणून कोळशावर टाकली की तिच्याच तेलात भाजते. हिवाळ्यात ती बारीक, आणि तेव्हा धरायलाही बंदी असते, साधारण मे महिन्यापर्यंत. जूनची तारीख मी मुद्दाम निवडली होती, ते या कारणानं. पोर्तोत 23 जूनची रात्र संत जॉनच्या सणाची. तेव्हा सगळं शहर रस्त्यावर सार्डिन भाजत असतं. तुम्ही त्याच्या थोडे आधी पोचाल, म्हणजे मासा उत्तम आणि गर्दी कमी. तुमचं जहाज मंगळवारी लागतंय तेही बरंच झालं. रविवारी बोटी समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी ताजी मासळी कमी असते आणि बऱ्याच खाणावळी बंद. त्याच वाऱ्यासाठी आईनं शाल घ्यायची, जून असला तरी. दुपारपर्यंत धुकंही असू शकतं.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून चुकली, ती तुमच्याकडून होऊ नये. काल आम्ही स्पेनमध्ये होतो. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनपेक्षा एक तास मागे. जहाजानं आपलं घड्याळ बदललं नव्हतं, फोननं मात्र किनाऱ्यावर उतरताच आपणहून बदललं. फोनमध्ये पावणेतीन, मी निवांत कॉफी मागवलेली. खिशातला जहाजाचा कागद काढून वाचला तेव्हा कळलं की जहाजावर पावणेचार झालेत आणि साडेचारच्या आत परत चढायचंय. कॉफी तशीच सोडली, बिल दिलं, आणि येताना जो रस्ता मी इतका हळू चालले होते तो धावत कापला. पोचले, दहा मिनिटं हातात ठेवून. पण छातीत जे धडधडत होतं ते तुम्हाला व्हायला नको. म्हणून बाबा, तुमचं मनगटी घड्याळ. सकाळी उतरण्याआधी जहाजाच्या घड्याळाशी जुळवा आणि दिवसभर फक्त त्याच्याकडे बघा, फोनकडे नाही. उतरताना दाराशी परतीची वेळ लिहिलेली असते, ती आईनं तळहातावर लिहून घ्यायची. जेवायला स्थानिक बारा-साडेबाराला बसा (जहाजाचं घड्याळ बदललेलं नसेल तर तुमच्या मनगटावर तेव्हा एक-दीड असेल), तेव्हा शेगड्या नुकत्याच तापलेल्या असतात आणि जागाही मिळते.

माझं बिल 23 युरो झालं, तिसऱ्या, सार्डिन आणि पाणी धरून. पैसे रोख ठेवा थोडे. निघताना बाबांनी "ओब्रिगादू" म्हणायचं, आईनं "ओब्रिगादा". पुरुषाचा आणि बाईचा आभाराचा शब्द वेगळा आहे तिथं, आपल्या "आलो", "आले"सारखा.

पाकिटात एक चिठ्ठी वेगळी ठेवली आहे, हे सगळे शब्द मोठ्या अक्षरात लिहून, आणि मी बसले होते त्या तीन जागा खुणा करून. पहिली पुतळ्याजवळ, दुसरी वाळूकडेच्या कठड्यावर, तिसरी रस्ता सुरू होतो तिथंच. बाबा, तिन्ही ठिकाणी बसा. दमला नसलात तरी.

जेवताना मला फोन करू नका, हात तेलकट असतील. जहाज सुटलं की डेकवर या आणि मग करा. कितीही वाजले तरी मी जागी असेन. आई, तेव्हा एवढंच सांग, बाबांनी किती खाल्ल्या.

तुमची,
मनू