काफिल्यावरचा हल्ला रात्री होतो त्याबद्दल

पुणे

प्रिय समीर,

तुझं पत्र आणि आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलावर नकाशा मांडून पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या) पुढच्या डावाचा नकाशा, दोन्ही मिळालं. नदीकाठचा तळ, सहा बैलगाड्या, मधोमध शेकोटी. मजा येणार आहे. हा नकाशा दिवसाचा आहे आणि हल्ला रात्री व्हायचाय, म्हणून ब्राइटनेस कमी करून चालेल का, असं तू विचारलंयस. नाही चालणार. तसं केलंस तर नुसता मळकट दिवस दिसेल. गवत हिरवंच राहील, गाडीवरचं लाल कापड लालच राहील, आणि डोळ्याला ते पटणार नाही.

कारण अंधारात आपल्याला रंग जवळजवळ दिसतच नाहीत. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या ज्या पेशी काम करायला लागतात त्यांना रंग कळत नाही. लाल तर सगळ्यात आधी काळा पडतो आणि निळं-हिरवं त्या मानाने उजळ वाटतं. पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच हे टिपून ठेवलंय. चांदणं खरं तर सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळटच असतं, तरी आपल्याला ते निळं भासतं ते बहुधा यामुळेच. तू एकांकिकांना दिव्यांवर निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून रात्र करायचास ना, तोच डाव इथे खेळायचा.

जिंपमध्ये (चित्रं दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मी असं करतो. मूळ नकाशाला हात लावायचा नाही. त्याची एक कॉपी करायची, तिचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, निम्म्याहून खाली आणायचं. तिच्यावर गडद निळ्या रंगाचा लेअर (थर), मोड मल्टिप्लाय, म्हणजे खालचं चित्र गडद करणारा. निळा म्हणजे लाल ४०, हिरवा ५५, निळा १०५ च्या आसपास; काळा अजिबात नको. हे दोन्ही एका ग्रुपमध्ये टाकून ग्रुपला पांढरा मास्क द्यायचा. आता मास्कवर जिथे काळं रंगवशील तिथली रात्र उडते आणि खालचा खरा, रंगीत नकाशा वर येतो. शेकोटीचा उजेड असा रात्रीला भोक पाडून आणायचा, वरून पिवळा रंग ओतून नव्हे. सगळ्यात वर हलका नारिंगी लेअर सॉफ्ट लाइटमध्ये दे, बस.

उजेडाचा घेर मनाने ठरवू नकोस, नियमात दिलाय. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि पुढचे २० फूट मंद. एक चौकोन ५ फुटांचा (नकाशावर एक इंच), म्हणजे ४ चौकोन लख्ख आणि ८ चौकोनांवर संपला. तू इंचाला १५० पिक्सेल धरलेस, तर मास्कवरचा काळा गोल ६०० पिक्सेल त्रिज्येचा, तिथून विरत विरत १२०० ला शून्य. आता गंमत बघ. तुझा नकाशा २४ बाय ३६ इंचांचा. एकाच मशालीचा घेर १६ इंच रुंद! दोन मशाली लावल्यास की जवळजवळ अर्धा नकाशा उजळला, मग कसली रात्र? मी तुझ्या जागी असतो तर शेकोटी विझत आलेली दाखवली असती आणि गाड्यांत एखाददुसरी मेणबत्ती ठेवली असती. तिचा लख्ख उजेड एकच चौकोन, मंद आणखी एक.

सावल्यांवर मात्र वेळ घाल. खरी रात्र तिथेच उभी राहते. शेकोटीपासून गाडीच्या दोन कोपऱ्यांना टेकून जाणाऱ्या दोन रेषा मनात धर, त्यांच्यामधला गाडीपलीकडचा पट्टा लॅसोने (हाताने घेर काढून निवडायच्या टूलने) निवड आणि मास्कवर पांढरा भर, म्हणजे तिथे रात्र परत येते. कडा गाडीपाशी धारदार ठेव, लांब जाईल तशी ब्लर कर. तुझे दरोडेखोर लपणार ते याच पट्ट्यांत. आणि हो, तुझ्या नकाशातल्या झाडांना दुपारच्या उन्हाच्या सावल्या आधीच चिकटलेल्या आहेत, सगळ्या एकाच दिशेला. त्या खोडून टाक किंवा सावल्यांशिवायचा नकाशा शोध. चांदणं म्हणून खपवता येतील, पण मग पौर्णिमा झाली, आणि लख्ख पौर्णिमेला नियमाने सगळीकडे मंद उजेड असतो. तुझा सगळा डावच फिसकटेल.

डार्कव्हिजनवाले, म्हणजे ज्यांच्या पात्रांना अंधारातही दिसतं ते, कटकट करणारच. त्यांनाही काळोखात फक्त करड्या छटा दिसतात हे त्यांना पुस्तक उघडून दाखव.

शेवटचं छपाईचं. फ्लेक्सवर गडद रंग आणखी गडद उतरतात, आणि चकचकीत फ्लेक्सवर वरची ट्यूबलाइट नेमकी तुझ्या शेकोटीशेजारी चमकते. मॅट व्हिनाइल घे, थोडं महाग पडलं तरी. स्क्रीनवर जेवढं बरं वाटतंय त्याहून बऱ्यापैकी उजळ फाइल दे, आणि चौकोनांच्या रेषा रात्रीच्या ग्रुपच्या वर ठेव, नाहीतर अंधारात कोण किती चौकोन चालला यावरून भांडणं होतील. आधी वीतभर तुकडा छापून बघ. फ्लेक्सवाला कुरकुर करेल, करू दे.

मास्क जमला नाही तर फाइल पाठव, रविवारी बसून करतो. काकूंना नमस्कार सांग. आणि माझ्या चोराला या खेपेला तरी पहिल्याच फेरीत मारू नकोस.

तुझा,
निखिल