तापमानाच्या शेजारी दमटपणाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा आला की आपल्या पेपरात रोज तापमानाची चौकट येते, चंद्रपूर ४५, नागपूर ४४, मुंबई ३४, आणि वाचणाऱ्याला वाटतं हे मुंबई-कोकणवाले उगाच रडतायत. पण त्या चौकटीत हवेत वाफ किती आहे ते नसतंच, आणि खरा फरक तिथंच पडतो.

हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के हे आपण शाळेत घोकलंय, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोन्ही गॅस अडवत नाहीत. अडवतात ते उरलेल्या चिमूटभर हिश्श्यातले, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे. हे नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ असतं. त्यात वाफ सगळीकडे सारखी नसते. निफाडला जानेवारीत दुपारी ऊन लागतं आणि पहाटे शेकोटी पेटते, कारण समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश मोकळं, दिवसभराची उष्णता रात्री भराभर निघून जाते. आमच्याकडे किनाऱ्यावर ती निघतच नाही, वर घामही वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं?

म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० ची अट लावतं आणि किनाऱ्याला ३७ ची. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानात उष्माघातानं १४ जण गेले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता हो!

आणि हे वाढतच जाणारे. कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये दहा लाखात ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. वाफ आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, हा शेकडो वर्षं वरच राहतो, आणि त्याच्यामुळं हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे पुन्हा किनाऱ्यावरच्यांचेच हाल.

सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता हवामान खातं रोज देतंच. चौकटीत तेवढा एक रकाना वाढवा आणि रात्रीचं किमान तापमान पण टाका, म्हणजे बांधकामावरच्या, मासळी बाजारातल्या माणसांना दुपारचं काम कधी थांबवायचं ते तरी कळेल. मे महिन्याच्या आत सुरू करा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, अलिबाग