पुढच्या कोरोनावरची लस आत्ताच डिझाइन व्हायला हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थाच्या बातम्या रोज वाचतोय, घाट, रस्ते, पार्किंग सगळं असतं, पण साथीच्या रोगाबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून लिहितोय.

2002 ला सार्स, 2012 ला मर्स, 2019 ला कोविड. वीस वर्षांत तीनदा कोरोनाव्हायरस बहुधा प्राण्यांकडून माणसात आला, चौथ्यांदा येणार नाही कशावरून? आणि आपण दरवेळी त्याच्या मागे पळतो. कोविडच्या व्हायरसचं ओमिक्रॉन हे बदललेलं रूप नोव्हेंबर 2021 ला सापडलं, पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची त्यावरची लस जून 2023 ला आली, त्यांच्या मेहनतीबद्दल वादच नाही, पण तोवर व्हायरस एक्सबीबी या त्याच्या पुढच्या रूपापर्यंत पोचला होता. जुन्या लसींनी गंभीर आजारापासून खूप लोक वाचवले हेही खरंच.

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो, त्यामुळे पुढे येणाऱ्या कोरोनाव्हायरसवरही चालेल अशा लसीवरचं काम मन लावून वाचतो. वटवाघळातले आणि माणसातले सार्स गटातले सगळे व्हायरस घ्यायचे, त्यांचे सिक्वेन्स (जनुकांतल्या अक्षरांचा क्रम) कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावायचे आणि स्पाइकचा, म्हणजे व्हायरस ज्याने पेशीला चिकटतो त्या काट्यासारख्या प्रोटीनचा, कुठला भाग सहसा बदलत नाही ते शोधायचं, कारण तो बदलला तर बऱ्याचदा व्हायरसचंच काम अडतं. केंब्रिजच्या टीमने तर या व्हायरसांच्या वंशावळीवरून निसर्गात नसलेलं अँटिजेनच (शरीराला व्हायरस ओळखायला शिकवणारा लसीतला भाग) कॉम्प्युटरवर तयार केलं आणि 2021 च्या शेवटी माणसांवर त्या लसीची बिनसुईची ट्रायल सुरू केली. अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेत पामेला बियॉर्कमन यांच्या लॅबने एकाच नॅनोपार्टिकलवर (अतिसूक्ष्म कणावर) आठ वेगवेगळ्या व्हायरसच्या स्पाइकचे तुकडे बसवले, म्हणजे आठांमध्ये जे सारखं आहे त्यावरच इम्युनिटीचा जोर जातो. किती सुंदर विचार आहे हा! दक्षिण कोरियाने जून 2022 ला मंजूर केलेली स्कायकोविओन लस एकाच व्हायरसवरची आहे, पण तिचा सांगाडा, म्हणजे ज्या कणावर व्हायरसचे तुकडे बसवतात तो, कॉम्प्युटरवरच डिझाइन झालाय, डेव्हिड बेकर यांच्या संस्थेत, ज्यांना 2024 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

अर्थात कॉम्प्युटर फक्त उमेदवार सुचवतो. तो चालतो का हे आधी उंदरांवर आणि शेवटी माणसांवरच कळतं, त्याला वर्षं लागतात, पैसा लागतो, आणि लाट नसली की पैसा आटतो. खरी अडचण इथेच आहे.

व्हायरसवर संशोधन करणारी एनआयव्ही पुण्यात, लस बनवणारी सीरम पुण्यात, सी-डॅक या सरकारी संस्थेचे परम सुपरकॉम्प्युटर पुण्यात आणि आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला. भारतातल्या वटवाघळांत कोरोनाव्हायरस असल्याचं एनआयव्हीने 2020 लाच दाखवलंय. मग विद्यापीठाने पुढाकार घेऊन या सगळ्यांना एका टेबलावर का बसवू नये? माझ्याकडची पोरं मायक्रोबायोलॉजी करतात, घरी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतात, आणि दोन्ही वापरता येईल असं काम इथे मिळत नाही म्हणून आयटीत निघून जातात, फार वाईट वाटतं.

सिंहस्थाच्या आत अशी लस होणार नाही, ते मलाही कळतं. पण 2027 ला देशभरातून माणसं येतील तेव्हा साधुग्राम आणि घाटाजवळच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यातल्या व्हायरसचं सिक्वेन्सिंग करता येईल, लस डिझाइन करणाऱ्यांना असा डेटा लागतोच. त्यासाठीची तरतूद सिंहस्थाच्या बजेटमध्ये आत्ताच करावी.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक